आपोआप उठणारं तुझं ते गेट

टूसॉन, ॲरिझोना
सप्टेंबर २००६

चि. शैलेंद्र यास,

अक्काचे आशीर्वाद. (दरवेळी अनेक असतात. या वेळी एकच पाठवतेय, तोही तुझ्या बायकोला, रेणूला दे.) तुमच्या तिकडे नोव्हायला आता गारवा येईल, कानटोपी घालत जा, तुझा कान लहानपणापासून दुखरा आहे. आमच्या तब्येती उत्तम आहेत आणि आम्ही तोंड लपवून घरात बसलो आहोत. फोनवर मी जरा आवाज चढवला की तू "अक्का, एक मिनिट होल्ड कर" म्हणतोस. पत्राला होल्ड करता येत नाही, म्हणून पत्र.

तर तुझं ते गेट. गेल्या वर्षी तूच माझ्या मागे लागलास की अक्का, तुमची कॉलनी खोलगट जागी आहे, समोरचा कोरडा ओढा (इथे त्याला वॉश म्हणतात) लांब डोंगरात पाऊस झाला की इकडे कडक ऊन असतानाही भरून येतो आणि रस्त्यावरून थेट तुमच्या हॉलमध्ये शिरेल. उपाय काय, तर तुझ्या कंपनीचं ऑटोमॅटिक फ्लडगेट. एरवी प्रवेशाच्या रस्त्यात सपाट झोपलेलं, वरून गाड्या जातात. पुढच्या खड्ड्यात पाणी उतरलं की आपलं आपण तरंगून उभं राहतं आणि पूर अडवतं, वीज नको की माणूस नको. मी मूर्खासारखी घरोघर फिरले. चकल्या खाऊ घालून गोऱ्या लोकांना पटवलं. त्यानंतर वर्षभर ओढ्यात एक थेंब आला नाही, आणि लोक माझ्याकडे बघून हसायला लागले.

त्यात आले गणपती. या वाळवंटात विसर्जनाला पाणी आणायचं कुठून? बादलीचं नाव काढलं की शोभनाकाकू (आमच्या मंडळात सगळ्यांत मोठ्या, त्यांच्यापुढे कोणी ब्र काढत नाही) विचारतात, बाप्पाला काय फरशी पुसायला बसवायचंय? कॉलनीच्या पोहायच्या पूलमध्ये माती चालत नाही, असा असोसिएशनचा नियम. तेव्हा आमच्या ह्यांना तुझा खड्डा आठवला. सिमेंटचा, खोल, स्वच्छ. जाळी उचलली, बागेचे होज एकाला एक जोडले आणि रविवारी दुपारी खड्डा भरायला घेतला. हे इंजिनियर, जमलेले निम्मे इंजिनियर (उरलेले सॉफ्टवेअरवाले, तेही स्वतःला इंजिनियरच म्हणवतात), पण तिथे पाणी भरलं की काय होतं, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही. मूर्ती पाण्यात गेली, आरती रंगात आली आणि समोरचा रस्ता सावकाश उठून उभा राहिला. शोभनाकाकूंनी त्यालाही हात जोडले.

माणसं आणि श्रीखंड बाहेर, पुऱ्या आणि मी आत. दोन्हीकडे गाड्यांची रांग. बरं, पाणी निघून गेलं की गेट खाली बसतं म्हणालास ना? शाडूची माती निचऱ्याच्या पाइपात जाऊन बसली, पाणी हलेना, गेट बसेना. शेवटी फायरवाले आले आणि त्यांनी आपला बाप्पा फावड्याने उपसून पाइप मोकळा केला. ते बघून मी खरंच रडले रे. आणि तुला सांगितलं तर तू आधी पोट धरून हसलास.

आता असोसिएशनच्या मिसेस डॉसन म्हणतात, हा उपद्व्याप उपटून टाका. शनिवारी हात वर करून मतदान आहे. तुझा काल फोन, की अक्का, कंपनीचं हे पहिलंच गेट, ते काढलं तर मला कोण ठेवतंय, नोकरीवरच व्हिसा आहे, तुझा हात वर हवा. करते ना वर. उपटा म्हणणाऱ्यांत सगळ्यांत उंच हात माझा असेल. मग बस कंपनीला होल्डवर ठेवून.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
अक्का

ता. क. – पोस्टाची पेटी गेटच्या बाहेर आहे. पत्र टाकायला निघाले तर कुठून तरी घरघर ऐकू आली. आकाश निरभ्र, आणि ओढ्यातून तांबडं पाणी, झुडपं, कुणाचा तरी कचऱ्याचा डबा, सगळं एकदम अंगावर आलं. तुझं गेट उठलं. मी आतल्या बाजूला उभी होते, माझ्या चपला कोरड्या. हे ऑफिसातून येऊन ओढ्याच्या पलीकडे थांबले होते. तुला ह्यांचं माहीत आहे, कृष्णेच्या पुलावर पाणी असताना स्कूटर घालणारा माणूस. आजही गाडी घातलीच असती, पण गेट उभं दिसलं, पलीकडे जाऊन उपयोग नाही म्हणून थांबले, असं स्वतःच ओरडून सांगितलं. नंतर विचारलं, जेवायला काय केलंयस. पेटी पाण्यापलीकडे, म्हणून हे गेटपाशीच उभ्याने लिहितेय.

ता. क. दुसरा – मिसेस डॉसन शेजारी येऊन गेटकडे बघत उभ्या आहेत. शनिवारी मी हात वर करणार आहे, कुठल्या बाजूने ते तुला कळलंच असेल. पण पुढच्या गणपतीच्या आत एक कर. त्या खड्ड्याला कुलूप लाव, आणि शेजारी तसाच दुसरा खड्डा बांधून दे. गेट नसलेला.

ता. क. तिसरा – वर आशीर्वाद एक लिहिलाय, तो खोडून अनेक वाच. रेणूचे वेगळे.