एकाच घरातून अर्जेंटिना आणि फ्रान्स

वालूर, ता. सेलू
मार्गशीर्ष, कापसाची वेचणी चालू

प्रिय बालाजीराव यांस,

वालूरहून माणिकरावाचा नमस्कार. नमस्काराआधी ‘सप्रेम’ लिहिणार होतो, पण पत्र वाचून झाल्यावर तो शब्द तुम्हालाच खोटा वाटला असता, म्हणून गाळला. पिंगळीला तुम्ही सगळे खुशाल असाल. आईंचा दमा थंडीनं वाढला नसेल, अशी आशा आहे. त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांगा (साष्टांग हा शब्द आजकाल मी फार जपून वापरतो, कारण पुढे कळेल). इकडे तुमची अक्का ठणठणीत आहे. माझ्या प्रकृतीची चौकशी तुम्ही मनातल्या मनात केली असेल तर तुमचे आभार, कारण या घरात ती करणारं आता कोणी उरलेलं नाही.

याला कारण तुम्ही आहात. भाऊबिजेला तुम्ही अक्काच्या ताटात मोबाइल ठेवलात. एवढी वर्षं तुम्ही साडी ठेवत होता, काय वाईट होतं? साडी गप्प असते, साडीत परदेशातली माणसं पळत नाहीत. पहिले काही दिवस तिनं त्यावर कीर्तनं ऐकली, मालिका पाहिल्या, आणि मीही खुशीत होतो, कारण तेवढा वेळ टीव्ही माझ्या ताब्यात असायचा. मग एका दुपारी मालिका शोधता शोधता तिचं बोट भलतीकडे पडलं आणि फुटबॉलच्या विश्वचषकाचा सामना सुरू झाला. अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून हरत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, चेंडूला हात का लावत नाहीत हेसुद्धा तिनं मलाच विचारलं. पण सामना संपला आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घातलेला, दाढीवाला, बुटका माणूस खाली मान घालून चालताना दिसला. बस्स. तुमच्या अक्काचा हात कपाळाला गेला. “कुनाचं लेकरू हाय ओ हे? लय तोंड उतरलंय त्याचं,” असं म्हणाली. मीच मूर्ख. मीच तिला नाव सांगितलं. मेसी.

त्या दिवसापासून, बालाजीराव, आमच्या घरात दोन पुरुष राहतात, आणि त्यातला जेवणारा मी असलो तरी लाडका तो आहे. कापूस वेचताना तो, भाकरी थापताना तो. शेजारच्या धुरपताबाईलाही तिनं नादी लावलं. दोघी कापसाच्या पराटीच्या ओळीत वाकून ऑफसाइडवर वाद घालतात (ऑफसाइड मला अजून समजलेलं नाही, पण धुरपताबाईला समजलं आहे असं ती म्हणते). त्याचं कौतुक तरी काय काय ऐकावं! शांत आहे. कामापुरतं बोलतो. वर तोंड करून कुणाला उत्तर देत नाही. हे सगळं ती माझ्याकडे बघून म्हणते. एकदा मी लक्ष देऊन सामना पाहिला तर हा गडी अर्धा वेळ नुसता चालतो! बाकीचे जीव तोडून पळतात आणि हा बांधावर फेरी मारल्यासारखा फिरतो. मी हे दाखवून दिलं तर म्हणाली, “इचार करायलाय त्यो.” मी ओट्यावर बसून विचार करतो तेव्हा तिचा शब्द वेगळा असतो. तो शब्द तुम्हाला माहीत आहे, तुमच्या लग्नात तिनं तो सगळ्या पाहुण्यांसमोर वापरला होता.

माझ्या डाव्या गुडघ्याचं तर तुम्ही जाणताच. महिनाभर मी तेल गरम करून दे म्हणून सांगतो आहे. क्रोएशियाच्या सामन्यात त्या माणसानं चालता चालता जरासा मांडीला हात लावला, तर ही उठून उभी राहिली, “कुनी तरी तेल लावा की त्याला!” गुडघा माझा, घर माझं, तेलाची बाटलीसुद्धा मीच सेलूहून आणलेली, आणि आठवण कुणाची मांडी पाहून यावी? मला हेवा वाटला. उगाच शब्द फिरवून सांगत नाही. छप्पन्नाव्या वर्षी, डोक्यावर टोपी असताना, मला हेवा वाटला आणि अजून वाटतो.

मग मी अभ्यासाला लागलो. ती स्वयंपाकात असली की तिचाच मोबाइल घेऊन जुन्या संघांची माहिती वाचायचो. म्हटलं, याच्याहून मोठी माणसं होऊन गेली हे दाखवून द्यावं, म्हणजे हा आपोआप लहान होईल. तिला सांगितलं, ब्राझीलचा पेले सतराव्या वर्षी विश्वचषक जिंकला आणि पुढे आणखी दोनदा. ती म्हणाली, बरं झालं, मग त्याच्यासाठी देवाला साकडं कशाला घालायचं, ज्याला मिळालं नाही त्याच्यासाठी घालायचं असतं. मी म्हटलं, याच्याच देशाचा मॅराडोना, शहाऐंशी साली कप घेऊन गेला. त्यावर ती म्हणाली, म्हणजे बिचाऱ्याला घरातच बोलणं खावं लागत असेल. मग मी मोठमोठे संघसुद्धा कसे हरतात ते सांगायला घेतलं. चोपन्न सालचा हंगेरीचा संघ, पुस्कास नावाचा त्यांचा गडी, चार वर्षं कुणाला हरला नव्हता, आणि अंतिम सामन्यात दोन गोल पुढे असताना जर्मनीकडून हरला. चौऱ्याहत्तर सालची हॉलंड, क्रायफची, इतकं देखणं खेळून तीही जर्मनीकडूनच हरली. माझा हेतू तिला घाबरवण्याचा होता. झालं असं की तिनं हंगेरीसाठी डोळ्याला पदर लावला आणि संध्याकाळी हॉलंडच्या नावानं तुळशीपाशी एक वात जास्त लावली. पुढे अर्जेंटिनाची गाठ नेमकी हॉलंडशीच पडली, तेव्हा तिनं मला दोन दिवस बोल लावला, की तुम्ही खामखा त्यांची ओळख करून दिलीत, आता मी कुणाच्या बाजूनं बसू!

इथवर मी सोसलं असतं. पण अंतिम सामन्याच्या आठवड्यात धुरपताबाई ओट्यापाशी थांबली आणि माझ्या गुडघ्याकडे पाहून हळहळली. (या बाईला बातमी पोटात ठेवता येत नाही आणि पूर्णही सांगता येत नाही.) म्हणाली, “दाजी, जमंल का ओ तुमाला दंडवत?” चौकशी केली तेव्हा कळलं, की तुमच्या अक्कानं मारुतीला नवस बोलला आहे. मेसीला कप मिळाला तर आमच्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंत दंडवत. घालणार कोण? घरचा मालक. म्हणजे पालथं पडायचं, हात लांब करून मातीत रेघ ओढायची, उठायचं, त्या रेघेवर उभं राहून पुन्हा पालथं पडायचं, असं बाजारपेठेतून, कृषी केंद्रासमोरून, सगळ्या गावादेखत. कप त्याचा आणि लोळण माझी!

तेव्हा मी जे केलं ते तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसानंही केलं असतं. शनिवारी रुईच्या पानांची माळ आणि तेल घेऊन मी मारुतीला गेलो आणि हळूच सांगितलं, की देवा, फ्रान्सला जिंकव, तुला शेंदराचा नवा लेप देतो. (फ्रान्सशी माझी ओळख नाही. दुसरा कोणी उरला नव्हता.) दुसऱ्या देवाकडे गेलो असतो तर पुढचा घोटाळा टळला असता, पण शनिवार मारुतीचा, आणि गुडघ्यामुळं लांब जाववत नाही. माळ घालून वळतो तर मागं तुमची अक्का, हातात माळ, तेल. आमच्या आदिनाथ गुरवानं दोन्ही माळा एकावर एक चढवल्या आणि जोडीनं आलात, बरं वाटलं, असं म्हणाला. तिला मी भक्तीला लागलोय असं वाटलं. त्या दिवशी भाजीत तेल चांगलं होतं.

रविवारी जेवणं उरकून आळीतल्या बायका आमच्या घरात जमल्या. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मला जागा मिळाली ती उंबऱ्याजवळ, एवढ्या पदरांच्या मागं. अर्जेंटिनानं दोन गोल केले. मी पारापर्यंतच्या रस्त्यावर खडी कुठं कुठं आहे ते आठवत बसलो. सामना संपत आला, आणि एकाएकी फ्रान्सच्या एम्बापेनं एक गोल केला, लगेच दुसरा. बालाजीराव, मी काय केलं ते मला कळलं नाही. मी उडी मारली. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, टोपी पडली, आणि तोंडातून “वा रे पठ्ठ्या” निघून गेलं.  सगळ्या बायका मोबाइल सोडून माझ्याकडे बघत होत्या. तुमच्या अक्कानं फार हळू आवाजात विचारलं, “काल मारुतीला काय बोललाव तुमी?”

मी सांगून टाकलं. खोटं बोललो असतो, पण देव साक्षीला होता आणि धुरपताबाईही होती. तिकडं जादा वेळेत अर्जेंटिनानं तिसरा गोल केला, फ्रान्सनं तोही फेडला, आणि सामना पुन्हा बरोबरीत. आता आमच्या घरात याचं कारण कुणाला विचारायची गरजच राहिली नाही. धुरपताबाईनं निकाल दिला, “एकाच घरातून दोन बोल गेल्यावर देवानं काय करावं? त्यो आडकलाय तिथं.” मी नवस मागे घेतल्याशिवाय निकालाच्या पेनल्ट्या बघायच्या नाहीत, असं ठरलं. मला दारात उभं केलं, मारुतीकडे तोंड करून कान धरायला लावले, आणि मोठ्यानं म्हणायला लावलं, देवा, फ्रान्सचं सोड, माझं बोलणं मनावर घेऊ नको. पहिली पेनल्टी फ्रान्सची, आणि ती गेली आत. पुन्हा सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मनापासून म्हटलं नाही, असा आरोप झाला. मी दुसऱ्यांदा कान धरले, या वेळी दुखेपर्यंत. पुढच्या दोन्ही पेनल्ट्या फ्रान्सच्या हुकल्या. अर्जेंटिना जिंकली.

आता तुम्हीच न्याय करा. नवस मी मागे घेतला नसता तर हे लोक कतारमध्ये अजून खेळत बसले असते. अर्जेंटिनाचा कप कुणी सोडवला? पण साखर वाटली गेली ती मेसीच्या नावानं. तुमची अक्का आनंदानं रडली, त्याचा कपाला मुका घेतानाचा फोटो तिनं मोबाइलवर लावला (आधी तिथं आमचा तुळजापूरचा जोडीचा फोटो होता). मी सोसायटीच्या निवडणुकीत निवडून आलो तेव्हा ती रडली नव्हती. तेव्हा ती म्हणाली होती, आता तरी येळंवर घरी या.

तेव्हा विनंती अशी, की येत्या शनिवारच्या आत तुम्ही वालूरला यावं, बहिणीची समजूत काढावी आणि दंडवत नारळावर भागवावं. मोबाइल तुमचा, म्हणजे दंडवतही निम्मं तुमचं आहे. मुलांना आशीर्वाद.

तुमचा दुखावलेला दाजी,
माणिकराव

ता. क. : पत्र पाकिटात घालत होतो तेव्हा तुमची अक्का, सुमन, तेल गरम करून घेऊन आली. मी म्हटलं, आता कशाला, त्याची मांडी बरी झाली वाटतं. तेव्हा तिनं सांगितलं, की नवसात तिनं दोन गोष्टी मागितल्या होत्या : त्याला कप आणि माझा गुडघा. धुरपताबाईनं मला निम्मंच सांगितलं. आणि गुडघा बरा झाल्याचं तर सगळ्या आळीनं त्या उडीच्या वेळी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून आता मला दंडवतातून सुटका नाही.

ता. क. दुसरं : मी विचारलं, देवापुढे आधी नाव कुणाचं घेतलं? म्हणाली, “तुमचंच की. पर तुमच्या गुडघ्याला येळ लागंल असं वाटलं, मग तवर त्याचं बी सांगून ठिवलं.” मला गंमत वाटली नाही, पण बरं वाटलं.

ता. क. तिसरं : समजूत काढायची गरज नाही, दंडवत मी घालणार आहे. तुम्ही फक्त येताना परभणीहून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, दहा नंबरचा सदरा आणा, माझ्या मापाचा, पोटाला सैल. सुमनची तशी इच्छा आहे. पण पाठीवर नाव माझंच छापून घ्या, मराठीत आणि ठळक. मी रस्ताभर पालथा असणार, म्हणजे गावाला माझी पाठच तेवढी दिसणार. आंग माझं मातीत आणि नाव त्याचं वर, हे मी चालू देणार नाही.