श्री. मुटिंडा यांची नोंद

क्यामुटी,
३ ऑक्टोबर

प्रिय कवाता हिस,

मुम्बुआचा नमस्कार. तू, तुझा मुलगा, सून, नातवंडं सगळी मोम्बासात खुशाल असाल. समुद्राची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली असेल अशी आशा आहे. इथे मी बरी आहे. तूर यंदा बऱ्यापैकी आली. शेळ्या सात उरल्या. म्वेंडे महिन्यातून एकदा नैरोबीहून येते, चहा-साखर ठेवते आणि "आई, फोन का उचलत नाहीस?" म्हणून रागावून जाते. म्वेंडेच्या बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात दीड वर्ष होईल. थडग्याभोवती मी कोरफड लावली आहे. तेवढीच तिथे जगते.

तुला पत्राचं नवल वाटेल. अंत्यविधीनंतर आपण बोललेलो नाही. तू त्या दिवशी इतकी मोठ्याने रडलीस की चर्चमधल्या बायका म्हणाल्या, "यातली विधवा नक्की कोणती गं?" मी ते हसण्यावारी नेलं असं तुला वाटलं असेल. नेलं नव्हतं.

संसदेच्या कचेरीने मला चार जाडजूड पुस्तकं पाठवली आहेत. हे सिनेटर असताना सभागृहात जे जे बोलले, ते सगळं त्यात छापलं आहे. मी तिसरीतून पाणी भरण्यासाठी शाळा सोडली हे तुला ठाऊक आहे. वाचायला शिकले ती भजनाच्या पुस्तकावरून आणि साबण गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवरून. हे किस्वाहिलीत बोलले असतील तिथे मी भरभर वाचते. इंग्रजीला शब्दकोश घेऊन बसते, दिवसाला दोन पानं. घरी हा माणूस दिवसभरात दहा शब्द बोलायचा, त्यातले चार शेळ्यांशी. आणि तिथे पानंच्या पानं.

आता ऐक. त्या चार पुस्तकांत तुझं नाव एकतीस वेळा आहे. माझं एकदाही नाही. "माझी पत्नी" असं एकदा आहे: "माझी पत्नी आजारी असल्यामुळे मंगळवारी मी गैरहजर राहीन." बस.

धरणांच्या चर्चेत हे म्हणाले, "अध्यक्ष महोदय, आमच्याकडे कवाता नावाची बाई आहे. ती म्हणते, मंत्रिसाहेब आमची धरणं विमानातून बघतात, म्हणून त्यांना ती भरलेली दिसतात. वरून सावलीसुद्धा पाण्यासारखीच दिसते." पुढे कंसात 'हशा' असं छापलं आहे. मग दुसरे एक सिनेटर उठले. "माझा हरकतीचा मुद्दा आहे. या कवाताबाई सभागृहाच्या सदस्य आहेत का? आमच्यातल्या काहींपेक्षा त्याच जास्त बोलतात!" अध्यक्ष म्हणाले, "बसा खाली. बाईंना बोलू द्या." पुन्हा हशा.

ते विमानाचं वाक्य माझं आहे, कवाता. तुझं नाही.

शुक्रवारी घरी आले की हे विचारायचे, "सांग, आठवडाभर काय झालं?" मी परडी विणत असायचे. पहिल्याच वर्षी मी बजावलं होतं, "त्या पुरुषांच्या सभेत माझं नाव घ्यायचं नाही. बायकोची गाऱ्हाणी घेऊन आला म्हणून हसतील तुम्हाला." म्हणून मला जे म्हणायचं असेल ते मी "कवाता म्हणते" असं करून सांगायचे. तू शेजारीण. तुझं तोंड पाच गावांना माहीत. कुणालाही खरं वाटलं असतं. म्हणजे तुला त्या सभागृहात मीच बसवलं. तरी वाचताना अंगाची आग होते. मी मागच्या दाराने दिलं आणि तू पुढच्या दारात उभी राहून घेतलंस, असं वाटतं. तुला यातलं काही ठाऊकही नव्हतं, हे कळतं. कळून उपयोग होत नाही.

आता कामाचं. नदीपलीकडच्या दवाखान्याला बाळंतपणाची खोली बांधून झाली आहे. येत्या वीस तारखेला, मशुजा दिनाला, म्हणजे देशाच्या वीरांच्या सुट्टीला, उघडणार. काउंटीचे अधिकारी किओको कागद घेऊन आले होते. म्हणाले, "आई, सिनेटरसाहेबांच्या त्या भाषणामुळे ही खोली मंजूर झाली. तेव्हा कवाताबाईंचंच नाव द्यायचं ठरलंय. कुटुंबाची संमती हवी, शुक्रवारपर्यंत." मी म्हटलं, "कागद ठेवून जा. चहा घेऊन जा."

बाळंतपणाच्या खोलीचं म्हटल्यावर ते भाषण कशाबद्दल, हे तू ओळखलंच असशील. पण मी ते गेल्या महिन्यापर्यंत वाचलंच नव्हतं. तिथपर्यंत आले की पानं उलटायचे.

ती हकिकतसुद्धा मीच यांना तुझी म्हणून सांगितली होती. एका शुक्रवारी तोंडातून निघून गेली: कवाताला एकदा भर दुपारी कळा आल्या, नदीला पूर, दवाखाना पलीकडे, पाणी उतरेपर्यंत बाभळीखाली पडून राहिली. ते पोट कुणाचं होतं हे तुला आणि मला माहीत. ज्या हातांवर ते पोर आलं ते हात तुझे होते. हे तेव्हा वर्षाहून जास्त काळ मोम्बासाच्या बंदरात कामाला. त्यानंतर चार महिन्यांनी आले तेव्हा मी सांगितलं, दिवस गेले होते, पण लवकरच गळून गेलं. पूर्ण दिवसांचं होतं, दिवस उलटून गेलेलं होतं, हे सांगितलंच नाही. चौथ्या दिवशी नाव ठेवल्याशिवाय आपल्यात मूल माणसांत धरत नाहीत, आणि चौथा दिवस त्याने पाहिलाच नाही. जे माणसांत नव्हतं त्याचं काय सांगायचं, अशी मी माझी समजूत घातली. पण वेळेवर आला नाही, रेंगाळला, म्हणून मी त्याला मुटिंडा म्हटलं होतं. एकदाच. तुझ्यासमोर.

आता भाषणात काय आहे ते लिहिते. "कवाता नदीच्या अलीकडे अडकली. श्री. मुटिंडा हे रस्त्यातच राहिले."

मी दोन दिवस विचार करत होते, हे मुटिंडा कोण? दवाखान्याचे कुणी? मुकादम? सभागृहात कुणाचं नुसतं नाव घेतलं तर लिहून घेणारे त्याच्यामागे 'श्री.' जोडतात, अशी तिथली पद्धत आहे. चार पुस्तकांत सगळीकडे तसंच आहे. यांनी नुसतं "मुटिंडा" म्हटलं असणार. नैरोबीतल्या त्या लिहिणाराला वाटलं, कुणी गृहस्थ असेल. पुस्तकाच्या शेवटी नावांची यादी आहे, तीत राज्यपालांच्या खालोखाल माझं पोर आहे. श्री. मुटिंडा.

मी हसले, कवाता. मग परडी बाजूला ठेवली.

ते नाव यांना मी सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस. कधी? कुठे बसून? मला विचारू नये एवढी मी कठीण होते का? त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी माझ्यासमोर बसून हे माझं "कवाता म्हणते" निमूट ऐकत राहिले.

पुढचं वाक्य असं आहे: "त्या मुलाच्या वडिलांना कुणी कळवलं नाही. अध्यक्ष महोदय, आईला ते सांगवलं नाही. तिच्यावर माझा राग नाही." हे अध्यक्ष महोदयांना सांगितलं. मला नाही. मी तुझ्यावर जळते, आणि त्या अध्यक्षांवरही जळते, ज्यांचा चेहरासुद्धा मी पाहिलेला नाही.

कागदावरचं तुझं नाव मी खोडलं आहे. तुला वाईट वाटलं तर वाटू दे. मुटिंडा असं लिहिलं आहे, 'श्री.' न लावता. किओकोंचा फोन आला, "आई, हे कोण? इथे मुटिंडा शेकड्याने आहेत." मी म्हटलं, वीसला सगळ्यांसमोर सांगते. सांगते म्हटलं खरं, पण माईकपुढे माझं तोंड उघडणार नाही, हे तू ओळखतेस. तुझं उघडतं. इतकी वर्षं मी तुझ्या नावाने बोलले. त्या दिवशी तू उभी राहा आणि एकदा माझ्या नावाने बोल. बाभळीखाली कोण होतं ते सांग. तुझ्याशिवाय पाहणारं कुणी नाही.

एकोणीसला ये. माझ्याकडेच उतर. तू यांना सांगितलंस तेव्हा हे काय म्हणाले, ते आधी मला सांगायचं. एक शब्द गाळायचा नाही, आणि तुझ्या पदरचा घालायचा नाही.

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि तुझं अंथरूण घालून ठेवणारी,
मुम्बुआ