नाक फुटलेलं कासव

हानोई, तेटचा, म्हणजे नववर्षाचा, नववा दिवस

प्रिय दिएप आत्या,

यंदाही गुडघ्यांचं कारण सांगून तू सायगॉनलाच राहिलीस, म्हणून इथलं लिहून कळवते. फोनवर तू विषय बदलला असतास. साहित्यमंदिरातल्या ज्या शिळेवर आपल्या मूळपुरुषाचं नाव आहे असं आपण तीन पिढ्या मानत आलो, ती शिळा आपली नाहीच. हे मी तेटच्या सहाव्या दिवशी आपल्या फुंग घराण्यातल्या चाळीस जणांसमोर मोठ्यानं बोलले.

चार वर्षं मी दर शनिवारी जुनी चिनी अक्षरं शिकायला जाते, हे तुला ठाऊक आहे. का, ते सांगितलं नव्हतं. ब्याऐंशी दगडी कासवांच्या पाठीवर ब्याऐंशी शिळा, राजाच्या परीक्षेत उतरलेल्या शेकडो विद्वानांची नावं, त्यांत बाई एकही नाही. आणि समोर फोटो काढणाऱ्यांपैकी कुणाला ती वाचताही येत नाहीत. मीसुद्धा कॉलेजच्या परीक्षेआधी 'आपल्या' कासवाचं डोकं कुरवाळून आले होते, वर काय कोरलंय हे न विचारता. गेल्या वर्षी मात्र अकरा रविवार कठड्याबाहेर उभी राहिले, मोबाइलचा उजेड तिरका पाडून एकेक अक्षर वहीत उतरवलं. त्या शिळेवर फुंग आहे, पण गाव लाल नदीच्या पलीकडचं. आपला माणूस पाच कासवं पुढे, नाक फुटलेल्या कासवावर आहे.

त्यानंतर महिनाभर मी स्वतःलाच विचारत होते, हे खऱ्यासाठी करतेय की क्वांग काकांची जिरवायला? गेलेल्या आजोबांना सगळ्यांदेखत चुकीचं ठरवायचा मला काय हक्क? प्रामाणिक उत्तर असं, की थोडी जिरवायचीही होती. तरी गेले.

क्वांग काका घराण्याचे प्रमुख, हातात मूळपुरुषाला वाहायच्या संत्र्यांचं तबक. माझं ऐकून म्हणाले, "उयेन, कॉलेजात दगडही वाचायला शिकवतात का गं?" मी म्हटलं, "नाही काका, ते वेगळं शिकले." "मग वाच की!" मी वाचलं. एक अक्षरही चुकले नाही. मग सगळ्यांना पाच कासवं पुढे नेलं आणि आपल्या गावाचं नाव वाचलं. काकांनी पिशवीतून वंशावळ काढली, अक्षराला अक्षर लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. गाव जुळलं. शेवटी धाकटी काकू म्हणाली, "अगंबाई, म्हणजे इतकी वर्षं आपली संत्री दुसऱ्यांचाच आजा खात होता!" आणि आत्या, सगळे हसले, काकासुद्धा. मग ते तबक घेऊन स्वतः पाच कासवं चालत आले. मुलं तर फुटक्या नाकाला हात लावायला कठड्यावर चढली, रखवालदार ओरडेपर्यंत.

काकांनी विचारलं, "तुला हे सुचलं कसं?" मी म्हटलं, "मला नाही सुचलं. दिएप आत्यानं चौसष्ट वर्षांपूर्वी सांगितलं होतं." तुझ्या भावाने, माझ्या बाबांनी, शेवटच्या आजारात मला हे सांगितलं. आजोबा मुलग्यांना ही अक्षरं शिकवायचे आणि तू समोर बसून त्यांची शाई उगाळायचीस. अक्षरं तू उलटीच शिकलीस. बारा वर्षांची असताना त्या शिळेसमोर म्हणालीस, "हे आपलं गाव नाही." आजोबांच्या वडिलांनी दाखवलेली शिळा, आजोबांनी ती कधी वाकून वाचलीच नव्हती. सगळ्यांदेखत त्यांनी तुला थोबाडीत मारली, म्हणाले, पोरींनी शाई उगाळावी. बाबा मला म्हणाले, "मलाही वाचता येत होतं. मी गप्प बसलो. दिएपला सांग." तेवढं सांगायला मला चार वर्षं लागली, कारण आधी ते स्वतः वाचून पाहायचं होतं. आता सांगते. तू बरोबर होतीस, आणि आता हे सगळ्या घराण्याला माहीत आहे. वंशावळीत आजवर लेकींची नावं नव्हती. त्यात एक कोरं पान घातलंय. काका म्हणतात, पहिलं नाव दिएपचं, आणि ते तिनंच लिहायचं. तिकीट सोबत पाठवलंय, गुडघ्यांसाठी चाकांची खुर्चीही सांगून ठेवलीय. उलटं लिहिलंस तरी चालेल. शाई उगाळायला काका बसणार आहेत.

तुझी, अजून तुझ्याइतकं न येणारी,
उयेन