आधी समेट, मग भाकर

अकोला, ७ जुलै

ती. सौ. वच्छला आत्यास,
प्रणालीचा सप्रेम सलाम वि. वि. आम्ही सगळे खुशाल, आबा सोडून. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहूनच कळवते.

यंदा चर्चच्या रविवारच्या शाळेत चिमुकल्यांना प्रभुभोजनाचा अर्थ शिकवायचं काम माझ्याकडे आलं. भाकर मोठं झाल्यावरच मिळणार, पण अर्थ तर आत्ताच कळायला हवा ना! पोळी आणि द्राक्षाचं सरबत घेऊन तालीम केली. प्रार्थना संपायच्या आत सरबत संपलं. मग सांगितलं, एका भाकरीतून खाणारे आपण सगळे एक घर, म्हणून ज्याच्याशी भांडण असेल त्याच्याशी आधी समेट करायचा. पोरांना समेट इतका आवडला, की ज्यांचं भांडण नव्हतं त्यांनी चिमटे काढून ते मुद्दाम उकरलं.

काल खरं प्रभुभोजन होतं. आबा चर्चचे एल्डर, ताट घेऊन बाकाबाकाने फिरले. शेवटी स्वतःसाठी तुकडा उचलला, तर माझ्या लेकीने, आकांक्षेने, त्यांची बाहीच धरली. म्हणते कशी, आबा, तुमी नोका खाऊ, तुमी पुंजाराम आजोबासंगं बोलत नाही! साऱ्या मंडळीने ऐकलं. आबांनी तुकडा परत ठेवला. घरी येऊन म्हणाले, तो वर्ग बंद कर. रात्री जेवले नाहीत.

माझ्या लग्नात पुंजाराम आतोबांची जेवणाआधीची प्रार्थना लांबली, मटण गार व्हायला लागलं, म्हणून आबांनी मधेच मोठ्याने आमेन म्हटलं. एवढ्यावरून इतकी वर्षं अबोला! मला हसू येतं आणि आबांकडे बघून रडूही येतं. तूच काहीतरी कर.

तुझी माया आहे म्हणून तर हे गाऱ्हाणं.
प्रणाली


राजापेठ, अमरावती, २१ जुलै

चि. प्रणालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र यांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, प्रार्थना लांब नव्हतीच, पाहुणे जास्त होते. पण काल आमच्या चर्चमध्ये ताट आलं, तर यांनीही तुकडा न घेता पुढे सरकवलं.

आणि आज सकाळी दारात कोण, तर आमचा डोमादादा, तुझे आबा! दोघं बैठकीत बसले, एक पंख्याकडे बघत, दुसरा पेपरात तोंड घालून. मी ताटं वाढली. दादा जेवेना. मग यांनी आपली भाकर मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात ठेवली. दादाने खाल्ली गं, रडत रडत खाल्ली. मीही आत जाऊन रडून घेतलं. नंतर दोघं असे बोलत बसले, की अकोल्याची गाडी चुकली.

दादा घरी निघालाय, हे पत्र त्याच्याच हाती देते. तोंडाने विचारायची त्याला लाज वाटते, म्हणून माझ्याकडून लिहवून घेतलंय: आकांक्षाले इचार, आता मी घेऊ काय भाकर?

पोरीचा गालगुच्चा घे.
आत्या


अकोला, २३ जुलै

ती. आत्यास,
सलाम. आकांक्षेने पत्र पुरतं ऐकून घेतलं आणि आबांना समोर बसवून निकाल दिला. घ्या म्हणे, पण पुंजाराम आजोबालेबी बोलवा, अन् दोघं माह्या बाकावर बसा. मले दिसलं पायजे!

आबांनी तिला होय जी म्हटलं. वर्ग चालू आहे. पुढच्या प्रभुभोजनासाठी आबांनी आतापासूनच सदरा इस्त्री करून ठेवलाय.

दोघांनी नक्की यावं, आणि लोभ सोबत घेऊन यावं.
तुझी प्रणाली