बांधावरची दुसरी

वेल्हे, ८ नोव्हेंबर २०२४

चि. सोनियास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. तुझं चित्र मोबाईलवर पाहिलं. बांधावर मी बसलेली, खाली नाव ‘एकटी’. शेजारची रिकामी जागा म्हणजे तुझे बाबा, आणि रिकामा डबा म्हणजे मनातली पोकळी, असं तू लिहिलंयस. अगं, आमचं जेवण झालं होतं, म्हणून डबा रिकामा!

आणि जागा रिकामी नव्हतीच. ज्या फोटोवरून चित्र काढलंस, त्यात शेजारी अंबूबाई आहे. तिला कुठं घालवलीस? मी कौतुकानं आधी तिलाच दाखवलं. मी मेले व्हय, एवढं विचारून ती उठून गेली. आमची सावड आहे, एक दिवस तिचं भात झोडायचं, एक दिवस माझं. आज ती आलीच नाही. भाकरी एकटीनं खाल्ली. झालं तुझं चित्र खरं!

राग आहे, मायाही आहे.
तुझी आई

भोर, १३ नोव्हेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

अंबूमावशीला मी विसरले नाही, मुद्दाम वगळलं. बाबा गेले तेव्हा तू आमच्यासमोर एकदाही रडली नाहीस. मग कुठं रडत असशील, हे शोधता शोधता तुला बांधावर नेऊन बसवलं. इथं प्रदर्शनात लोक चित्रापुढं थांबतात. पण मावशी रुसली असेल तर तिला रंगवते. रविवारी चित्र घेऊन एसटीनं येते. तोवर भांडू नकोस.

तुझ्या रागासकट तुझी,
सोनिया

वेल्हे, १९ नोव्हेंबर

चि. सोनियास आशीर्वाद.

रविवारी तुझ्यापुढं अंबूबाई तोंड मिटून होती. तू गेलीस आणि ती परत आली. तू ठेवून गेलेलं चित्र भिंतीला टेकवून कितीतरी वेळ बघत बसली. तुझे पाय एवढे गोरे कधी होते, मला म्हणाली.

मी कुठं रडते, तर हिच्याच शेजारी. ती विचारत नाही, मी सांगत नाही, हात चालत राहतात. म्हणून तिला पुसलेलं मला झोंबलं.

मग म्हणाली, पोरीला सांग, मला घालू नको. दोघींतली एक आधी जाणारच, तवा दुसरी अशीच बसंल. मी चिडले. तू जायचं ठरवून मोकळी, आणि माझं राहिलेलं भात कोण झोडणार, असं विचारलं. तशी हसली आणि खळ्यावर आली.

चित्र भाताच्या कणगीमागं ठेवलंय, तोंड भिंतीकडं करून. एवढ्यात बघायचं नाही.

आहे ती माया तशीच ठेव.
तुझी आई