विहीणबाईंचा बेदाणा उडाला

८ जून, रविवार

बेदाणा उडाला! विहीणबाईंनी शिऱ्यातला बेदाणा चमच्यानं उचलला, तोंडाजवळ नेला आणि तो भुर्रकन उडून गेला. शिऱ्यात मी बेदाणे घातलेच नव्हते! पण बोलणार कसं? आणि मला आलं हसू. पदर तोंडात कोंबला तरी पोट हलतच व्हतं. त्याआधी त्यांच्या चहात एक माशी पडली व्हती. दुसरा कप दिला तर त्यात दोन.

आल्या व्हत्या बारशाचं ठरवायला. आमची सून अश्विनी घोडेगावला माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली! गोरी नाय, सावळी हाय, माझ्यावर गेलीय. सव्वा महिना झाला की इथं आणायची, बारसं इथंच करायचं, असं पहिल्यापासून ठरलेलं. मालकांनी तुळईला पाळणा टांगून ठेवलाय. मी जाता-येता रिकामाच हलवते.

विहीणबाई पदरानं वारा घालत म्हणल्या, "राग मानू नका, पण ह्या माश्यांत मी लेकरू नाय पाठवायची. जुलाब लागत्यात. डॉक्टर म्हणले."

वीस तारखेला त्या परत बघायला येणार. एक जरी माशी दिसली तर बारसं घोडेगावला, आणि बाळ दिवाळीपर्यंत तिकडंच! आमचा अमृत नंदीबैलासारखी मान हलवत बसला. सासूपुढं त्याची वाचाच जाते.

दिवाळीपर्यंत म्हणजे पोरगी पालथी पडेल, बसायला लागेल. मला ओळखंल तरी का? माझं हसू तिथंच थांबलं.

९ जून, सोमवार

माश्या कोंबड्यांच्याच असणार म्हणून शेजारच्या साळुबाईला घेतलं आणि गावातल्या गोरखच्या पोल्ट्रीवर भांडायला गेले. भांडायला साळुबाईच न्यावी, आवाज चांगला हाय. पण आधी केस विंचरून, लुगडं बदलून आली. म्हणलं, अगं भांडायला चाललोय, लग्नाला नाय!

गोरख म्हणला, "काकू, या, बघा की आत. कोंबड्यांचा लॉट जाऊन पंधरा दिवस झाले. चुना मारून ठेवलाय." खरंच, कोंबडीचं पीस बी नव्हतं.

साळुबाई म्हणली, "मंग ह्या माश्या कुणाच्या?"

"माझं नाव लिहिलंय का त्यांच्यावर? कोंबडखत कुणी नेलं ते इचारा. काकूंच्याच मालकांनी. दोन ट्रॉल्या!"

साळुबाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप चपला शोधायला लागले. निघताना गोरखनं गावठी कोंबडीची सहा अंडी दिली. भांडायला जाऊन अंडी घेऊन आलेली गावात मीच पहिली.

घरी येऊन गोठ्यामागची ताडपत्री उचलली — आई गं! काळा ढगच उठला. मालकांना मी इचारलं व्हतं, खाली काय हाय? तेव्हा म्हणले, "कांद्याचं सामान." आज म्हणले, "मंग? कांद्यालाच आणलंय. खोटं काय बोललो?"

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. वडापाशी बायकांनी आंबे, फणसाचे गरे ठेवलेले आणि त्यावर माश्याच माश्या. त्यांचा उपास नव्हता ना. वडाला सूत गुंडाळताना सात जन्म हेच मालक मागायचे, तिथं मी जरा थांबले. म्हणलं, आधी खत उचला, मंग बघू.

बायकांनी औषधं मात्र लई सांगितली. लिंबात लवंगा खोचा. कापूर जाळा. पाण्याच्या पिशव्या दारात बांधा, माशी आपलंच तोंड बघून भिते. मी म्हणलं, आमच्याकडच्या भिणाऱ्यातल्या नाय, त्या विहीणबाईंना बी भ्याल्या नाय.

११ जून

खत शेतात गेलं! मालकांनी पसरून नांगर फिरवला, मातीत गाडलं. मी उपास काल सोडला, सात जन्म आज मागितले. उशिरा मागितलेले चालतात का कुणाला ठाऊक.

१२ जून, गुरुवार

माश्या निम्म्या झाल्या. निम्म्या म्हणजे बी पुष्कळ.

अमृतनं ओतूरवरनं दोन चिजा आणल्या. एक चिकट कागद, एक करंटची बॅट. कागद मी तुळईला टांगला. मालक उठले, ताठ चालत गेले, आणि पुढं गेले ते टोपी मागं ठेवून! टोपी कागदाला लोंबकळतेय, तिच्याभोवती चार माश्या. म्हणले, "हे माश्यांसाठी हाय का माझ्यासाठी?"

बॅट मात्र — काय सांगू! चट्ट! लई ग्वाड आवाज. शाळेत मला दुसरीपर्यंतच घातलं, खेळाच्या तासाला बी धाकटा भाऊ कडेवर असायचा. आता खेळतेय. चट्ट! भाकरी एका हातानं, बॅट एका हातानं. दोन भाकऱ्या करपल्या. मालकांच्या डोक्यावर एक बसली व्हती, ते वामकुक्षी करत व्हते. मी नेम धरला...

"करंट लागला ओ!"

माशी गेली उडून. संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी बोलले नाय, पण केस जरा उभे राहिलेत, बरे दिसतात.

१४ जून, शनिवार

साळुबाईनं नवीन युक्ती सांगितली. प्लॅस्टिकची बाटली वरनं कापायची, तोंडाचा भाग उलटा आत बसवायचा. खाली सुकट आणि गुळाचं पाणी. माशी वासानं आत जाते, बाहेर यायची वाट सापडत नाय. सुकट चांगली भिजून वास सुटला पायजे म्हणली.

एका बाटलीनं काय होणार! मी अकरा केल्या. ओट्यावर तीन, सैपाकघरात चार, देवघराच्या बाहेर एक (देवा, माफ कर), बाकीच्या पाळण्याच्या खोलीत. तिथंच तर एक बी नको ना.

मालक अंथरूण घेऊन गोठ्यात गेले. म्हणले, म्हशीचा वास बरा.

१५ जून

बाटल्या भरल्या! काळ्याभोर! मोहिनीला, म्हणजे माझ्या लेकीला, फोनवर दाखवल्या. ती म्हणली, "आये, मी जेवतेय!" कौतुकच नाय कुणाला.

१६ जून, सोमवार

परत भरल्या. पण घरात जास्तीच दिसतात. एवढ्या मारते तरी कमी होईनात. मेलेल्यांच्या दहाव्याला बाकीच्या येतात की काय! पाळण्याच्या दोऱ्या बी काळ्या दिसायला लागल्या. उद्या अजून पाच बाटल्या करते.

१७ जून

सोळा बाटल्या. जेवताना तोंड उघडायची भीती वाटते. तीन दिवस राहिले. आज रिकामा पाळणा हलवला नाय. नको वाटलं.

१८ जून, बुधवार

साळुबाई दारात येऊन, नाकाला पदर लावून म्हणते, "आमच्यात एक माशी नाय राव! कालवणाचं भांडं उघडं ठेवते मी." गोरख बी तेच म्हणला. खालच्या आळीत बी नाय. देवळात प्रसादावर नाय. साऱ्या गावाच्या माश्या गेल्या म्हणे, कुठं गेल्या कळंना!

मी हेव्यानं रडायच्या बेतात. तेवढ्यात मालक म्हशीला पाणी पाजता पाजता म्हणले, "अगं, तू घरात सोळा ठिकाणी सुकट टांगलीस. गावाला आवतण दिलंस तू. पावण्यांच्या आधी माश्या बारशाला आल्या!"

मी बसलेच. खरं की! मंग आधी हसले, मंग रडले, मंग साळुबाईला चार शिव्या दिल्या. ती म्हणते, "मी बाहेर टांग म्हणले व्हते." नव्हती म्हणली! का म्हणली व्हती? माझं ध्यान बाटल्या कापण्यात व्हतं.

१९ जून, गुरुवार

सकाळी सोळा बाटल्या लांब काठीला अडकवल्या. काठीचं एक टोक माझ्या खांद्यावर, एक मालकांच्या. निघालो ओढ्याच्या पल्याड. मागं माश्यांची वरात! साळुबाई ओट्यावरनं ओरडली, "माझ्या दारावरनं नेऊ नको गं बाई!" मंग माळावरनं वळसा घेतला. मालक म्हणले, "लग्नाच्या वरातीला बी एवढी मंडळी नव्हती." मी म्हणलं, तुमच्याकडची व्हती का एवढी? भांडत भांडत ओढा आला ते कळलं बी नाय. खोल खड्डा केला, सगळं पुरलं, वर दगड ठेवला.

मंग फिनेलनं घर पुसलं. दोनदा. कडुलिंबाच्या पाल्याची धुरी केली. धूर एवढा की माश्यांबरोबर आमी बी बाहेर.

२० जून, शुक्रवार

आल्या! पदराच्या गाठीत काय आणलं व्हतं ठाऊक हाय का? गुळाचा खडा! ताटलीत ठेवला, ताटली मधोमध, आणि समोर बसल्या. हाताची घडी. मी, अमृत, मालक समोर. दहावीच्या निकालाला बी घरात एवढी शांतता नव्हती.

पंधरा मिनिटं. काही नाय. अर्धा तास. विहीणबाईंना डुलकी लागली.

आणि एक आली! कुठनं आली कोण जाणे. गुळाकडं नाय, मालकांच्या गुडघ्याशेजारी खाटेवर बसली. विहीणबाईंनी डोळे उघडायला आणि मालकांनी डोक्यावरची टोपी पटकन तिच्यावर पालथी घालायला एकच गाठ!

"इवाई, टोपी का काढली?" विहीणबाई म्हणल्या.

"उकडतंय."

चाळीस वर्षांत हा माणूस कुणा पावण्यापुढं उघड्या डोक्यानं बसला नाय! आत माशी गुणगुणायला लागली. तसं मालकांनी खोकायला सुरुवात केली. अमृतला कळलं, तो बी खोकायला लागला. मंग मी बी. विहीणबाई म्हणल्या, "माश्या नायत खऱ्या, पण तुमाला साऱ्यांना खोकला झालाय. औषध घ्या आधी." आणि उठल्या. "रविवारी घेऊन येतो."

गाडी वळणाच्या पल्याड गेल्यावर मी मालकांच्या उघड्या डोक्यावर हात फिरवला. सात जन्म कमी मागितले म्हणलं.

२२ जून, रविवार

बारसं झालं!! मोहिनीनं आत्या म्हणून कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. साळुबाईनं दोन जास्तीचे घातले. नाव ठेवलं संस्कृती. केवढं अवघड! इथं लिहिताना तीनदा खोडलं. मी आपली बाळी म्हणणार. शिऱ्यात आज खरे बेदाणे. विहीणबाईंनी चमच्यानं दाबून बघितले, मंग खाल्ले.

पोरगी पाळण्यात निजलीय. भरलेला पाळणा हलवायला लई हलका लागतो. उलटं व्हायला पायजे ना?

२४ जून, मंगळवार

बाळी दोन दिवस नुसती रडत व्हती. नवं घर, नवी माणसं. मी गायले, मालकांनी म्हशीचा आवाज काढून दाखवला, काही नाय. दुपारी एक माशी आली, पाळण्याच्या दांडीवर बसली, फिरली, परत बसली. बाळी टकमक बघत राहिली आणि हसली! जन्मल्यापासनं पहिल्यांदा! आणि माझा हात सवयीनं गेला — चट्ट!

मंग जी रडायला लागलीय!

सारं घर धुंडाळलं, गोठा बघितला, एक बी माशी नाय. वाटी घेऊन साळुबाईकडं निघालेय. एखादी असली तर दे म्हणते, जिवंत.