अर्धशिशीच आहे म्हणे

करक, ४ ऑक्टोबर १९९८

ति. इन्तिसारताईस,
सलाम वि. वि.
डोकं पुन्हा उठलं. आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचतो, मग अर्धं डोकं फुटायला येतं. सासूबाई नजर लागली म्हणून तुरटी जाळतात. धुरानं आणखीच ठणकतं, पण सांगणार कोण! मार्चमध्ये आपली यम्मा, आईच ती, मला अम्मानच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. ते सगळं तिच्याशीच बोलले. अर्धशिशीच आहे म्हणे, रोज एक छोटी ॲस्पिरिन.

अठरा तारखेला आम्ही बसनं मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला निघतोय. दोन गर्भ गेले, आता काब्यासमोरच पदर पसरणार. पण पाळी नेमकी तेव्हाच! मग दारातूनच माघारी. पाळी लांबवायच्या त्या गोळ्या पाठव ना गं.
तुझी माया पाठीशी राहू दे.
रिमाह

अकाबा, ९ ऑक्टोबर

चि. रिमाह हिस,
अ. आ.
गोळ्या पाठवल्यात. मी दोनदा घेतल्या, काही होत नाही, भित्री कुठली! माझ्यासाठी दुआ माग, आणि सासूबाईंना अक्कल मिळावी म्हणून एक जास्तीची.
तुझी ताई

अम्मान, २ नोव्हेंबर

ति. यम्मास,
सलाम.
फोनवर तू नुसती रडतेस, म्हणून लिहितेय. परतीच्या बसमध्ये रिमाहचं डोकं दुखायला लागलं. सगळ्यांना वाटलं, नेहमीचंच. वाटेत मआनला उतरवली तेव्हा उजवा हात लुळा, तोंड वाकडं, शब्द फुटेना. आता इथे अम्मानला उपचार चाललेत, मी तिच्यापाशीच आहे.

तिचं रक्त आपोआप गुठळ्या धरतं. दोन्ही गर्भ त्यानंच गेले. त्यात ही अशी अर्धशिशी. तिला त्या गोळ्या म्हणजे विषच. डॉक्टर म्हणाले, हे सगळं मार्चमध्येच तुला लिहून दिलं होतं. का लपवलंस?
इन्तिसार

इर्बिद, ९ नोव्हेंबर

चि. इन्तिसार हिस,
अ. आ.
लपवलं, हो. धाकट्या सल्सबीलचं लग्न जमत होतं. रक्तातला रोग कळला असता तर कोणी उंबरा ओलांडला असता का? मी तिघींची आई आहे. आणि गोळ्या कोणी पाठवल्या, हे मी तुला विचारलं का?

एकोणीस तारखेला, गुरुवारी, मुलाकडचे कॉफीला येतायत. सल्सबील तुझ्या मदतीला आलीय, तिला आदल्या बुधवारीच पाठव. रिमाहला तेवढा दिवस आणू नकोस. कोणी विचारलं तर प्रवासाचा शीण म्हणायचं.
मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी यम्मा

अम्मान, १४ नोव्हेंबर

ति. यम्मास,
गोळ्या मीच पाठवल्या. मरेपर्यंत हे माझ्या छातीवर राहील, तू आठवण करून द्यायची गरज नव्हती.

चार दिवसांपूर्वी रिमाहला भरवताना सल्सबील एकदम रडायला लागली. तिच्याही डोळ्यांपुढे उजेड नाचतो, वर्ष झालं. तू गप्प राहायला सांगितलं होतंस, असं म्हणाली. मी तिला तशीच डॉक्टरांकडे नेली. तिचंही रक्त तसलंच निघालंय.

गुरुवारी ती येणार नाही. पाहुण्यांना सांग, प्रवासाचा शीण.
लोभ असू दे असं लिहायला हात वळत नाही.
इन्तिसार